मागच्या चाकांवरचं वजन

४ फेब्रुवारी

आज कपाटाचं शेवटचं दार बसवलं. फटीत साधा कागद सरकवला तर अडकतो, इतकं चपखल. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जिने केले, दारं बसवली, पण स्वतःसाठी पहिल्यांदाच काही केलं. हात फिरवत बराच वेळ उभा राहिलो. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "झालं का?" झालं का! जसा काही मी दाढी करत होतो.

गाडी सव्वीस वर्षांची जुनी कॅम्परव्हॅन. घेतली तेव्हा आत भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा नुसता बाजार होता. सगळं उचकटून फेकून दिलं. आता मागे पलंग, त्याखाली चार खण, मागच्या भिंतीला उंच कपाट, वर माळे, मध्ये घडीचं टेबल. सगळं अस्सल सागवान. प्लायवूडला मी जन्मात हात लावला नाही, आता चौसष्टाव्या वर्षी काय लावणार?

घेतली ती हिच्या कंबरेसाठी. मणक्याचं दुखणं असं की तासभर बसली की अर्धा तास आडवं व्हावंच लागतं. आणि हिला जायचंय तिच्या ताईकडे. आमच्या चालीने चार दिवसांचा रस्ता. ताईंना विसर पडायला लागलाय. चष्मा कुठे ठेवला, असला विसर नव्हे. डॉक्टरांनी सांगून टाकलंय की हे वाढतच जाणार. आज फोनवर ताई हिला म्हणाल्या, "येतेस ना गं? तू आलीस की मग मी निवांत." फोन ठेवून ही लगेच माझ्याकडे आली.

"मग कधी निघायचं?"

"महिनाअखेर. पॉलिशचे दोन हात राहिलेत."

"तसंच निघालं तर?"

"तसंच कसं? तुझे मेव्हणे आत डोकावणार, टेप काढून मोजणार. त्यांना बोट ठेवायला जागा मिळता कामा नये."

ती कप उचलून घेऊन गेली.

९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री ब्रेक बघायला आला. ब्रेक राहिले बाजूला, हा गडी गाडीच्या मागे उकिडवा बसून मान वाकडी करून बघतोय.

"काका, रिकामी आहे ना?"

"पाण्याची टाकी भरलीये आणि थोडं सामान आहे. का रे?"

"मागून बसलीये. हिला वजन किती चालतं?"

"चार टन," मी ठणकावून सांगितलं. बॉनेट उघडून आतली पत्र्याची पट्टी दाखवली. कुणीतरी तिच्यावर रंग फासला होता, तो मीच पटाशीने खरवडून काढलाय. अक्षरं गंजून गेलीत, पण एकाखाली एक चार आकडे स्वच्छ दिसतात. २८००, ४०००, १४५०, १५५०. मी त्याला समजावलं, पहिला रिकाम्या गाडीचा, दुसरा भरलेल्या गाडीचा. मधले बाराशे किलो आपले.

"आणि खालचे दोन?"

"असतील कंपनीचे काहीतरी. आपल्याला काय करायचंय?"

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, एकदा ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन बघा. हल्ली कुणालाही कशातही शंका येते. ब्रेक मात्र ठीक आहेत म्हणाला.

११ फेब्रुवारी

मिस्त्रीने डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. जुन्या मालकाने दिलेली फाईल काढली. गाडीच्या कागदांवर रिकामं वजन लिहिलंय, १७८०. पट्टीवर मात्र २८००. हिने चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाली, "अहो, हजार किलोचा फरक आहे की."

"कुणा कारकुनाने झोपेत लिहिलं असेल."

"किंवा पट्टीचा अर्थ वेगळा असेल."

मी म्हटलं, लाकूड हातात घेतलं की किलो-अर्ध्या किलोपर्यंत वजन सांगतो मी, तू मला वजनाचं शिकवू नको. ते खरंच आहे. एकेक फळीचं सांगता येतं. सगळ्यांची बेरीज मात्र मी कधी केली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी

आज काट्यावर गेलो. भंगाराच्या आवारात आहे, एका बाईंचा. गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस दचकावा. म्हणाल्या, प्रवासाला निघताना जशी असेल तशीच आणा. पाणी भरलेलं, डिझेल भरलेलं, तुम्ही दोघं आत, सामान आत. उगाच रिकामी तोलून स्वतःला फसवू नका. आधी पूर्ण गाडी तोलली, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची.

एकूण ३१२०. पुढे १२४०, मागे १८८०.

"बघा," मी हिला म्हटलं, "अजून आठशे ऐंशी शिल्लक आहेत."

"कशातले?" बाईंनी विचारलं. मी बॉनेट उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, पट्टीवर बोट ठेवलं आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. तो हळू आवाजच मला जास्त लागला.

"आजोबा, हा पहिला आकडा भरलेल्या गाडीचा. माणसांसकट, पाण्यासकट. याच्यावर एक किलो नाही. दुसरा, मागे ट्रेलर जोडलात तर दोन्ही मिळून. तिसरा पुढच्या चाकांवर जास्तीत जास्त किती, चौथा मागच्या. मागे पंधराशे पन्नास चालतात. तुम्ही अठराशे ऐंशी ठेवलेत."

मग टायरवरचा बारीक नंबर वाचून भिंतीवरच्या तक्त्यात बघितला. एका टायरला साडेआठशे. दोन्ही मिळून सतराशे. म्हणजे टायरच्याही वर गेलोय. "घाटात उतरताना ब्रेक तापले किंवा यातला एक फुटला, तर सागवान तुमच्या मानेवर येईल," म्हणाल्या. ही पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकत होती.

घरी येताना गाडी वीसच्या वर नेली नाही. हिने विचारलं, "मग आता काय काय काढायचं?"

"काही काढायचं नाही. भंगार तोलणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून मी माझं काम तोडू? कंपनीला विचारतो."

आणि आजोबा काय आजोबा! त्यांचेही केस काही काळे नव्हते.

१६ फेब्रुवारी

कंपनीला पत्र लिहिलं. आमच्या साली निघालेल्या गाडीला कदाचित जास्त वजन चालत असेल, कुणी सांगावं? मिस्त्रीला विचारलं, मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड घातले तर? म्हणाला, "घालू की. गाडी मागून उचललेली दिसेल. पण एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. पट्टीवरचा आकडा काही वाढत नाही, काका." जेवढं विचारलं तेवढंच सांगावं, ही रीत या माणसाला माहीतच नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, बाबा, ईमेल करा, दोन दिवसांत उत्तर येईल. मी म्हटलं, हाताने लिहिलेलं पत्र माणूस वाचतो, ते दुसरं कुणी वाचत नाही. दोनदा कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. रजिस्टर करून टाकलं.

२० फेब्रुवारी

लेक पुन्हा फोनवर. तिने म्हणे सगळं बघून ठेवलंय. रेल्वेत झोपायची जागा मिळते, ती चार दिवस रजा काढून आईला स्वतः नेऊन पोचवते. परवाचीच तिकिटं आहेत.

मी म्हटलं, घरची गाडी दारात उभी असताना माझ्या बायकोने फलाटावर ताटकळायचं? हमालाच्या मागे धावायचं, त्या कंबरेने? पत्र आलं की आठ दिवसांत निघतोय. लेक म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत का?" मी फोन हिच्याकडे दिला. ही माझ्याकडे बघत होती, मग फोनमध्ये म्हणाली, "राहू दे बाळा. यांनी एवढं केलंय." आणि धुतलेले कपडे घड्या घालायला आत गेली. तिलाही पटलं असावं.

२ मार्च

पत्र नाही. रिकामं बसवत नाही म्हणून पॉलिशचा तिसरा हात मारला. आरशासारखं झालंय.

संध्याकाळी हिने ताईंना फोन लावला. ताई आधी नीट बोलल्या, हिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. मग तेच तीनदा विचारलं, जेवलीस का, जेवलीस का, जेवलीस का. मग म्हणाल्या, "आई कुठे गेली गं? मघापासून दिसत नाही." दोघींची आई जाऊन तीस वर्षं झाली. ही फोन मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहिली. एवढा वेळ बसायचं नाही, असं तिला डॉक्टरांनी सांगितलंय. मी आठवण केली, तर म्हणाली, "पत्र आलं का?"

नाही म्हटलं.

९ मार्च

आलं. दोन ओळी. "आपल्या वाहनावरील पट्टीवर नमूद केलेले आकडेच अंतिम समजावेत. वाहनाचे वय लक्षात घेता त्या मर्यादेपर्यंतही भार टाकू नये, असे सुचवतो." खाली सही.

म्हणजे भंगारवाल्या बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं तेच. मधे तीन आठवडे गेले. हिला वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, "तारीख काय आज?"

११ मार्च

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

काल गाडी हलकी करायला घेतली. पाण्याची टाकी सत्तर लिटरने कमी केली, वीस लिटर पुरे. मग सामान. हिची पाठीला टेकू असलेली वेताची खुर्ची, दहा किलो. हिचे फोटोंचे अल्बम, ताईंना दाखवायला घेतलेले, एकूण दहा किलो. मी म्हटलं, फोटो काय, मोबाईलवर काढून ने. गादी पातळ घेऊ या का, असंही विचारलं. ती "बरं" म्हणाली. सगळ्याला बरं म्हणाली. माझी हत्यारांची ट्रंक ठेवली, कारण रस्त्यात काही बिघडलं तर काय, नखाने दुरुस्त करू?

गादी काढायची वेळ आली तेव्हा मात्र ही तिच्यावर हात ठेवून बसली, म्हणून गादी राहिली.

आज काट्यावर. माझ्या हिशोबाने ३०३० यायला हवं होतं. आलं ३०४०. मी बाईंना म्हटलं, तुमचा काटा दहा किलो खोटा दाखवतोय. बाई भडकल्या. "या काट्यावर ट्रक तोलते मी, आजोबा! सहा महिन्यांपूर्वीच सरकारी शिक्का मारून गेलेत!" मीही आवाज चढवला. तोलायला आलेले दोन ट्रकवाले उतरून मजा बघायला लागले.

तेवढ्यात ही पुढच्या सीटवरून म्हणाली, "काटा बरोबर आहे. माझ्या मांडीवर आहेत अल्बम." शाल बाजूला केली. मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. घरून इथपर्यंत, त्या कंबरेने.

मग बाई मागे गेल्या, दार उघडलं आणि ट्रंकेवर थाप मारली.

"हे काय?"

"हत्यारं."

"किती?"

"असतील साठेक."

त्यांनी दोन माणसांना ट्रंक उतरवायला लावली आणि बाजूच्या छोट्या काट्यावर ठेवली. शहाऐंशी. बाईंनी माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. पैसे घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च

ही आज बोलली. चाळीस वर्षांच्या संसारात अशी चार-पाचदाच बोलली असेल.

"मला लाकूड नको होतं हो. मला जायचं होतं. खाली नुसती सतरंजी टाकून नेली असतीत तरी मी गेले असते."

"तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"माझ्यासाठी केलंत, की त्यांना दाखवायला केलंत?"

मी ताडकन उठलो. गाडीत जाऊन बसलो. आत सगळं चकाकत होतं, बोट ठेवायला जागा नव्हती.

मग बाहेर येऊन करवत घेतली.

१५ मार्च

उंच कपाट काढलं. चौसष्ट किलो. खणांसकट पलंगाची चौकट, पंचाण्णव. तिच्या जागी पातळ पट्ट्या आणि, लिहायलाही लाज वाटते, प्लायवूड. मिळून पंचवीस किलो. मिस्त्री बघायला आला आणि त्याने दुसऱ्या बाजूने फळी धरली.

दुपारी हिने ताईंना फोन लावला. साडूंनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, उचलून त्यांना दिला. माझ्यात आणि त्यांच्यात अकरा वर्षं बोलणं नाही, त्यामुळे फोन नेहमी हिच्याच हातात. ही "ताई, मी बोलतेय" म्हणाली. मग थांबली. मग पुन्हा, "मी गं." मग आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, लग्नाआधीचं. शेवटी म्हणाली, "नाही, काही काम नव्हतं. सहज केला होता."

मी करवत चालवत राहिलो. थांबलो असतो तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

१८ मार्च

माळे काढले, अठ्ठावन्न. टेबल काढलं, बत्तीस. टेबलाला करवत लावली आणि दोनदा परत खाली ठेवली, हे खरं सांगतो. कुणी मेल्यासारखं वाटलं एका टेबलासाठी. आणि तिकडे एक माणूस रोज थोडं थोडं चाललंय, त्यासाठी करवत एकदाही खाली ठेवली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी ताईंच्या घरी जिना मी केला. वास्तविक पैसेही घेतले नव्हते. पाहुणे जेवायला बसलेले असताना साडूंनी टेप काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सातवी पायरी अर्धा इंच उंच आहे. मी जेवणावरून उठलो, हिला उठवलं आणि निघालो. त्यानंतर मी गेलो नाही, आणि एकटीला प्रवास झेपत नाही म्हणून हीही गेली नाही. झेपत नाही, असं मीच म्हणायचो. तेव्हा तिची कंबर धडधाकट होती.

पायरी उंच होती. अर्धा इंच. पॉलिश करतानाच माझ्या लक्षात आलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही.

२२ मार्च

काट्यावर तिसऱ्यांदा. ट्रंक घरी. अल्बम आणि वेताची खुर्ची आत. एकूण २७४०. पुढे १२६०, मागे १४८०. टायरही बदललेत. बाई म्हणाल्या, "आता जा बिनधास्त. ऐंशीच्या वर पळवू नका, जुनी आहे." मग हिच्याकडे बघून, "लवकर जा."

मिस्त्रीने उतारावर ब्रेक लावून बघितले. पूर्वी गाडी मागून ढकलल्यासारखी जायची, तसं होत नाही म्हणाला. ते मला आधीही जाणवत होतं. मी समजत होतो, जुनी गाडी म्हणून.

२४ मार्च

निघालो. तासभर चालवायचं, अर्धा तास थांबायचं. ही मागे आडवी होते, मी बाहेर उभा राहतो. एका घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला, ब्रेक दाबला, गाडी जिथल्या तिथे उभी राहिली. पूर्वीच्या वजनाने थांबली नसती. म्हणजे तोलून घेतलं ते योग्यच केलं. तोलायला एक दिवस लागला होता. बाकीचे दिवस कशात गेले ते मला माहीत आहे.

गाडीत हिला विचारलं, बोलत का नाहीस? म्हणाली, "मनात म्हणतेय, काय काय बोलायचं ते."

२७ मार्च

पोचलो.

दार साडूंनी उघडलं. मी ओळखलं नाही आधी. गाल आत गेलेत, शर्टाची बटणं खाली-वर लागलेली. घरात चार माणसांचं काम हा एक माणूस करतोय. अकरा वर्षं मी या माणसासमोर काय काय बोलायचं ते घोकत होतो. तो म्हणाला, "आलात? बरं झालं. आत या, आधी तिला आडवं होऊ द्या." गाडीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. गोऱ्यापान, नीटनेटक्या, वेणी घातलेली. वेणी साडू घालतात. ही समोर जाऊन खाली बसली, हात हातात घेतला. ताईंनी घेऊ दिला. छान हसल्या. "बसा ना," म्हणाल्या. "लांबून आलात का?"

हिने अल्बम उघडला. दोन मुली एका झोपाळ्यावर. ताईंनी फोटो बघितला, मान डोलावली, म्हणाल्या, "गोड आहेत. तुमच्या का?"

हिने होकार दिला.

मी बाहेर आलो. साडू मागोमाग आले, ओट्यावर शेजारी बसले. आपणहून म्हणाले, "फेब्रुवारीत आला असतात तर..." आणि थांबले. मी म्हटलं, सांगा. तर म्हणाले, "फेब्रुवारीभर रोज सकाळी विचारायची, धाकटी आली का? दारात खुर्ची टाकून बसायची, ऊन आलं की मी आत आणायचो. रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की उठायची. मार्च लागला आणि एक दिवस विचारलंच नाही. मला वाटलं, आज विसरली. दुसऱ्या दिवशीही नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मार्च लागला तेव्हा मी पॉलिशचा तिसरा हात मारत होतो.

३० मार्च

ही सकाळपासून रात्रीपर्यंत ताईंच्या खोलीत. तास बसते, अर्धा तास शेजारच्या गादीवर आडवी होते, पुन्हा बसते. ताईंना ती आवडते. साडूंना विचारत होत्या, "त्या बाई उद्या येतील ना?"

आज हिने मला सांगितलं, "मी इथेच राहते. तुम्ही जा गाडी घेऊन."

"किती दिवस?"

"ते मला कसं माहीत असणार?"

मी म्हटलं, माझी चूक झाली. असं मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. आधी फेब्रुवारीचं म्हटलं, मग रेल्वेचं, मग अकरा वर्षांचं, पायरीचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान "आता कळलं?" तरी म्हणेल. ती म्हणाली, "हो, झाली." आणि ताईंनी आतून कुणाला तरी हाक मारली, म्हणून उठून गेली. हाक हिच्या नावाची नव्हती.

३ एप्रिल

गेलो नाही मी. साडूंना म्हटलं, राहू का? म्हणाले, राहा की, बाजारहाट तरी होईल. सकाळी भांडी घासतो, पाणी तापवतो. साडू दुपारी दोन तास झोपतात, कित्येक महिन्यांनी झोपतात म्हणे.

आज हिची कंबर फार धरली, म्हणून ती आडवी होती आणि ताईंजवळ मी बसलो. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुम्ही कोणाकडे आलात?"

"मी बायकोला घेऊन आलोय," मी म्हटलं. "तिला तिच्या बहिणीला भेटायचं होतं."

"मग? झाली का भेट?"

मी मान डोलावली.

ताईंचा चेहरा उजळला. माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "बरं केलंत हो आणलंत ते. वाट बघत असेल बिचारी."

बघत होती, एवढं तरी म्हणायला हवं होतं मला. नाही म्हणवलं.